कप वाजवून घ्या, पदक वाचून घ्या

प्रश्न थोडक्यात असा. ब्रिटनमध्ये राहणारं एक जोडपं. बाईंना जुन्या चहाच्या सेटची ओढ, यजमानांना युद्धातल्या शौर्यपदकांची. जवळच्या एका लिलावात दोघांच्याही मनासारखं काही आलं आहे: रॉयल वूस्टर या इंग्रजी चिनी मातीच्या कारखान्याचा चाळीस नगांचा सेट, अंदाज २०० ते ३०० पौंड, आणि पहिल्या महायुद्धातलं एक मिलिटरी मेडल, सोबत दोन मोहीमपदकं (शौर्यासाठी नव्हे, युद्धात भाग घेतला म्हणून मिळणारी), अंदाज ५०० ते ७००. दोन्हींसाठी मिळून हजार पौंड बाजूला ठेवलेत. त्या विचारतात, फोटो छान आहेत, तर घरबसल्या बोली लावली तर चालेल का? आणि पुढे भाव वाढतील का?

ताई, दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, ते छोटं आहे. भाव वाढतील म्हणून सेट घेऊ नका. पूर्वी ज्यांच्यासाठी हॉलमध्ये चढाओढ लागायची तसे सेट आता अंदाजाच्या खालच्या टोकाला, कधी त्याहूनही खाली जाताना मी नेहमी बघतो. सोनेरी काठाचे कप डिशवॉशरमध्ये टाकता येत नाहीत, मायक्रोवेव्हमध्ये ठेवता येत नाहीत, आणि बारा जणांना एकदम चहाला बोलावणारी घरं कमी झाली. ज्याला त्यातून चहा प्यायचाय त्याची मात्र सध्या चंगळ आहे. पदकांचं वेगळं. कागदपत्रांनिशी सिद्ध होणाऱ्या शौर्यपदकांना गिऱ्हाईक टिकून आहे. पण 'सिद्ध होणाऱ्या' या दोन शब्दांतच सगळी मेख आहे, त्यावर पुढे येतो.

आता पहिला प्रश्न. वीस-बावीस वर्षं मी लिलावगृहांत काढली, आधी खोकी उचलणारा म्हणून आणि मग घेणारा म्हणून. तुमच्या दोन वस्तू एकाच कॅटलॉगमध्ये असल्या तरी बघायची नजर अगदी उलटी लागते. कपाला टवका उडालेला असेल तर किंमत निम्म्यावर येते. तो कप कुणाचा होता याने बहुधा काहीच फरक पडत नाही. पदकावर ओरखडे असले, कड चेपलेली असली तरी फारसं बिघडत नाही; पण कडेवरचं नाव घासून दुसरं घातलेलं असेल तर हातात उरते चांदीची किंमत. यातलं काहीही फोटोत दिसत नाही. म्हणून लिलावाआधी वस्तू बघायला मांडतात त्या प्रदर्शनाच्या दिवशी स्वतः जा.

सेटपासून सुरू करू. चाळीस नग म्हणजे बहुतेक वेळा असा हिशेब असतो: बारा कप, बारा बश्या, बारा छोट्या प्लेट, दोन मोठ्या ब्रेड-बटरच्या प्लेट, एक दुधाचा जग आणि एक 'स्लॉप बोल', म्हणजे कपातला उरलेला गार चहा ओतायचं भांडं. किटली नाही म्हणून दचकू नका. व्हिक्टोरियन आणि एडवर्डियन काळात बऱ्याच घरांत चहा चांदीच्या किटलीतून ओतला जायचा, त्यामुळे किटलीशिवायचे सेट नेहमी येतात. उलट किटली असेल तर ती याच सेटची आहे का, हे आधी बघायचं.

कप उलटा करा. वूस्टरच्या छापात वर मुकुट, खाली वर्तुळात एकमेकांत गुंफलेले चार डब्ल्यू, आणि मध्ये चंद्रकोरीजवळ ५१ हा आकडा. नवखा माणूस इथेच आनंदाने उडतो: १८५१! तसं नाही. ते कारखान्याचं स्थापनावर्ष, १७५१. इंग्रजी चिनी मातीच्या छापात वर्ष दिसलं तर ते बहुधा स्थापनेचंच असतं, वस्तूचं नव्हे. वूस्टरची खरी तारीख ठिपक्यांत असते. १८९१ साली छापाभोवती 'रॉयल वूस्टर इंग्लंड' ही अक्षरं आली, १८९२ ला एक ठिपका, आणि पुढे दरवर्षी एक ठिपका वाढत गेला. १९१५ पर्यंत चोवीस झाले. १९१६ पासून त्यांच्या जागी चांदणी आली.

एका गावच्या लिलावात मी असाच चाळीस नगांचा सेट हाताळत होतो. गुलाबाची माळ, निळा काठ, सगळं एकसारखं. कपांखाली सात ठिपके, म्हणजे १८९८. बश्यांखाली पंधरा, म्हणजे १९०६. एक-दोन वर्षांचा फरक मी सोडून देतो, कारण कोरं भांडं वर्षभर मांडणीवर पडून राहायचं आणि मग रंगवलं जायचं. आठ वर्षांच्या फरकाचा अर्थ वेगळा: कुणीतरी दोन अर्धवट सेट जुळवून एक केला होता. निळा रंगही मग खिडकीपाशी धरल्यावर दोन तऱ्हांचा दिसायला लागला. कॅटलॉगमध्ये शब्द होता 'सेट', आणि त्यात खोटं काहीच नव्हतं. म्हणून चाळीसही नग उलटे करून बघा. हॉलमधली माणसं वैतागतात, वैतागू देत.

'इंग्लंड' हा शब्द १८९१ च्या सुमारास का आला, हेही लक्षात ठेवा, सगळ्या कारखान्यांना उपयोगी पडतं. अमेरिकेच्या १८९० च्या जकात कायद्याने आयात मालावर देशाचं नाव सक्तीचं केलं. 'मेड इन इंग्लंड' असेल तर वस्तू विसाव्या शतकातली समजा. १८४२ ते १८८३ या काळातला पत्त्यांतल्या चौकटच्या आकाराचा नोंदणी-शिक्का मिळाला तर त्यातून नक्षी कधी नोंदवली ते कळतं, भांडं कधी घडवलं ते नाही. चांगली खपणारी नक्षी कारखाने वर्षानुवर्षं काढत राहायचे.

आता खोट. आपल्याकडे मडकं वाजवून घेतात, तसंच इथे. कप कानाने बोटावर अडकवा (पडला तर तुमचा, तेव्हा खाली दुसरा तळहात धरा) आणि काठाला नखाने हलकी टिचकी मारा. धड बोन चायना घंटेसारखा वाजतो, नाद थोडा रेंगाळतो. केसाएवढा तडा असला तरी आवाज भद्द येतो. मग टॉर्च आतून लावा. तडा काळ्या रेघेसारखा दिसतो, कारण शंभर वर्षांचा चहा त्यात मुरलेला असतो. कानाचे दोन सांधे, किटलीची चोच, झाकणाची मूठ या जागा आधी बघायच्या. सोन्याचा काठ तिरप्या उजेडात धरा, झीज लगेच कळते.

दुरुस्ती ओळखणं अवघड. अतिनील दिवा लावला तर जुनं भरण वेगळं चमकतं, पण आताचे कारागीर दिव्यालाही फसवतील असं साहित्य वापरतात. माझा भरवसा दातांवर आहे. झिलई दाताला थंड आणि टणक लागते. वरून फवारलेला रंग किंचित मऊ, कोमट लागतो. प्रदर्शनात किटलीची चोच दाताला लावणारा माणूस बघून लोक हसतात. मी हे शिकलो ते शे-दीडशे पौंड घालवून. लाल-निळ्या-सोनेरी इमारी नक्षीची, डर्बी या इंग्रजी कारखान्याची एक किटली मी फोटोवरून घेतली होती. लिलावगृहाच्या अवस्था-अहवालात लिहिलं होतं, 'सोनं थोडं झिजलेलं'. घरी आल्यावर दाताला लावली, चोचीचं पुढचं बोटभर टोक राळेचं निघालं. लिलावगृहाने विक्रीच्या अटींकडे बोट दाखवलं: वर्णनात दोष लिहिला नाही याचा अर्थ दोष नाही असा होत नाही. ते वाक्य सगळ्यांच्याच अटींमध्ये असतं, आणि मी ते त्या दिवशी पहिल्यांदा वाचलं.

तेव्हा ऑनलाइन बोली लावणारच असाल तर 'अवस्था कशी आहे?' असं विचारू नका, उत्तर 'वयाच्या मानाने ठीक' येतं. नेमकं विचारा: किती कपांना तडा आहे, कोणत्या नगाची दुरुस्ती झाली आहे, ठिपके सगळ्यांवर सारखे आहेत का, आणि छापाचे जवळून काढलेले फोटो पाठवाल का.

याहून जुन्या मालाचा मोह आत्ता नको. अठराव्या शतकातले बिनकानाचे चहाचे वाटे, एकाच बशीवर चहाचा वाटा आणि कॉफीचा कप अशी तीन नगांची जोडणी, हे फार देखणं असतं. पण तिथे पॅरिसच्या सॅमसनसारख्या कारखान्यांनी एकोणिसाव्या शतकात काढलेल्या नकला, जुन्या छापांसकट, फिरत असतात. माइसेन या जर्मन कारखान्याच्या छापातल्या एकमेकींना छेदणाऱ्या तलवारी तर इतक्यांनी काढल्या आहेत की नुसत्या छापावरून कुणी माइसेन घेऊ नये.

पैशांचा हिशेब करू, कारण हजार पौंड म्हणजे हजाराची बोली नव्हे. हातोडा पडतो त्या रकमेवर खरेदीदाराचं कमिशन लागतं, त्याला बायर्स प्रीमियम म्हणतात. २० ते ३० टक्क्यांच्या दरम्यान असतं. त्या कमिशनवर २० टक्के व्हॅट. शिवाय ऑनलाइन बोली लावली तर त्या संकेतस्थळाचे तीन ते पाच टक्के आणि त्यावरही व्हॅट. समजा ४०० पौंडांवर हातोडा पडला आणि कमिशन २५ टक्के: १०० कमिशन, २० व्हॅट, झाले ५२०. ऑनलाइनचे तीन टक्के धरले तर १४ पौंड ४० पेन्स आणखी. वर पाठवणी वेगळी, आणि बरीच गावाकडची लिलावगृहं चिनी माती पाठवतच नाहीत. कुरिअर तुम्हीच शोधायचा. दरपत्रक प्रत्येकाचं निराळं असतं, आधी वाचा.

आता पदकं. इथे मी जरा जास्त बोलणार, कारण फसवणूकही इथेच जास्त शिकलेली असते.

मिलिटरी मेडल मार्च १९१६ मध्ये सुरू झालं, ते शिपाई, नाईक, सार्जंट यांच्यासाठी. अधिकाऱ्यांसाठी डिसेंबर १९१४ पासून मिलिटरी क्रॉस होता. (१९९३ मध्ये हा भेद गेला, मेडल बंद झालं आणि क्रॉस सगळ्यांना खुला झाला.) पहिल्या महायुद्धात सुमारे १,१५,००० मिलिटरी मेडलं दिली गेली, म्हणजे दुर्मीळ नाही. किंमत ठरते ती माणसावर, पलटणीवर, दिवसावर.

तुमच्या यजमानांच्या हातात ते पदक आलं की राजाचा चेहरा बघत बसू नका. दहापट मोठं दाखवणारं भिंग घ्या आणि कड बघा. तिथे सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव, पलटण ठोकून उमटवलेली असतात. अक्षर ठोकलं की धातू दबतो आणि त्याच्या काठाला किंचित वर येतो. शंभर वर्षांत पॉलिश होऊन ते काठ गोलावलेले असावेत. पदक झिजलेलं पण नाव काल ठोकल्यासारखं धारदार असेल तर थांबा. पदकाचा व्यास ३६ मिलिमीटर. कॅलिपरने तीन-चार दिशांनी मोजा. कानशीने जुनं नाव काढलं असेल तर कुठेतरी तो भरत नाही, कड सपाट लागते, बारीक समांतर रेघा दिसतात. मी एकदा असं पदक धरलं होतं. तीन दिशांना ३६, चौथ्या दिशेला जेमतेम साडेपस्तीस. नाव एका गाजलेल्या पलटणीतल्या सार्जंटचं होतं, आणि त्या जागी आधी कोण होता ते आता कुणालाच कळणार नाही.

मग तिन्ही पदकांवरचं नाव आणि क्रमांक जुळवा. ब्रिटिश वॉर मेडल चांदीचं, व्हिक्टरी मेडल काशाचं, दोन्हींच्या कडेला नाव असतं. हुद्दा वेगळा असला तर घाबरू नका, बढती झालेली असू शकते. क्रमांक वेगळा असला तरी लगेच खोटं म्हणू नका: टेरिटोरियल, म्हणजे अर्धवेळ राखीव दलातल्या सैनिकांचे क्रमांक १९१७ मध्ये बदलून सहा आकडी केले गेले, त्यामुळे एकाच माणसाचे दोन क्रमांक मिळतात. चांदीचं पदक गहाळ असलेले गट खूप येतात. १९८० च्या सुमारास चांदी भडकली तेव्हा ही पदकं ढिगाने वितळवली गेली. मग कुणीतरी त्याच नावाच्या दुसऱ्या माणसाचं आणून जागा भरतो.

तुमच्या लॉटमध्ये मला खटकलं ते एवढंच की त्यात तारा, म्हणजे ताऱ्याच्या आकाराचं मोहीमपदक, नाही. तो सैनिक १९१५ संपायच्या आत आघाडीवर पोहोचला असेल तर त्याला १९१४ किंवा १९१४-१५ चा स्टार मिळायला हवा. १९१६ किंवा नंतर गेला असेल तर तीन पदकं बरोबर. हे त्याच्या मेडल इंडेक्स कार्डावर कळतं. त्या कार्डांच्या प्रती लंडनमधल्या क्यू इथल्या नॅशनल अर्काइव्ह्जमध्ये आहेत आणि ऑनलाइन शोधता येतात. लिलावाआधी अर्धा तास काढून बघा. तारा असायला हवा होता असं निघालं तर गट फुटलेला आहे, आणि बोली त्या मानाने खाली आणा.

पुढचं काम 'लंडन गॅझेट', म्हणजे ब्रिटिश सरकारचं राजपत्र. मिलिटरी मेडल मिळालेल्यांच्या याद्या त्यात छापल्या गेल्या आणि आज घरबसल्या फुकट शोधता येतात. पण पहिल्या महायुद्धातल्या मिलिटरी मेडलसाठी तिथे सहसा फक्त नाव असतं, पराक्रमाचं वर्णन नसतं. शिफारशींचे कागद आणि सैनिकांच्या सेवा-नोंदींतला मोठा भाग सप्टेंबर १९४० च्या बॉम्बहल्ल्यात जळाला. सेवा-नोंदींपैकी सुमारे ६० टक्के गेल्या. म्हणून कॅटलॉगमध्ये 'सोम नदीकाठच्या रणधुमाळीत गोळीबारातून तीन जखमींना उचलून आणलं' असं लिहिलेलं दिसलं की मी विचारतो, हे कुठून आलं? उत्तर 'गावच्या वर्तमानपत्रातली अमुक तारखेची बातमी' किंवा 'बटालियनच्या युद्ध-दैनंदिनीतली नोंद' असं असेल तर उत्तम. 'कुटुंबात सांगत आलेत' असं असेल तर तेवढे पैसे कमी. गॅझेटची तारीख घटनेनंतर काही महिन्यांनी येते, तिच्यावरून लढाई ठरवणारे कॅटलॉगही मी पाहिले आहेत.

याच कारणाने डिस्टिंग्विश्ड कंडक्ट मेडल, १८५४ पासूनचं आणि जुन्या पद्धतीत शिपायांसाठी व्हिक्टोरिया क्रॉसच्या खालोखालचं, बरंच महाग जातं. ते कमी दिलं गेलं, आणि त्याच्या कारणाचा मजकूर गॅझेटमध्ये बहुधा सापडतो.

अधिकाऱ्यांच्या पदकांपासून मात्र नवख्याने दूर राहावं. मिलिटरी क्रॉसवर सरकार नाव घालतच नसे. दुसऱ्या महायुद्धातल्या क्रॉसच्या मागे वर्ष कोरलेलं असतं, बस. अधिकाऱ्याच्या पहिल्या महायुद्धातल्या दोन मोहीमपदकांवर हुद्दा आणि नाव असतं, पलटण नसते. आता आडनाव स्मिथ असेल तर? एखाद्या कॅप्टन स्मिथच्या जोडीला बाजारातला सुटा क्रॉस लावायला दोन मिनिटं लागतात. दुसऱ्या महायुद्धातल्या ब्रिटिश सैनिकांचे तारेही बिननावाचे. त्यामुळे वैमानिकाच्या डिस्टिंग्विश्ड फ्लाइंग क्रॉसचा गट घ्यायचा तर लॉगबुक मूळचं हवं, पदक दिल्याची पत्रं हवीत, आणि ती एकाच घरातून आलेली हवीत. व्हिक्टोरिया क्रॉसचं याच्या उलट: पट्टीच्या मागे नाव, क्रॉसच्या मागे पराक्रमाची तारीख. पण ते आपल्या खिशाचं काम नव्हे. ब्रिटिश उद्योगपती लॉर्ड ॲशक्रॉफ्ट यांनी १९८६ मध्ये पाणबुडीवरच्या जेम्स मॅगेनिस यांचा क्रॉस घेऊन संग्रह सुरू केला, तेव्हाही आकडा २९,००० पौंडांचा होता.

एक अवांतर. लंडनच्या मोठ्या पदक-लिलावांत इंडियन डिस्टिंग्विश्ड सर्व्हिस मेडल येतं, १९०७ पासूनचं. एकदा कडेवर '११७ मराठाज' वाचलं आणि हात थरथरला. ही पलटण १९१५-१६ मध्ये आजच्या इराकमधल्या कुतच्या वेढ्यात होती. आडनाव इंग्रज कारकुनाने ऐकून लिहिलेलं, तीनदा मोठ्याने म्हटल्यावर कळलं ते आपलंच. अशा पदकांत एकाच नावाची चार-चार माणसं त्याच पलटणीत सापडतात, तेव्हा क्रमांकालाच धरून चालायचं. मी बोली लावली, माझ्या मर्यादेच्या दुप्पट भावाला गेलं.

घरी आणल्यावर पदकांना ब्रासो, सिल्व्हर पॉलिश काही लावू नका. काळवंडलेलं तसंच राहू द्या. प्रत्येक पॉलिशमागे नाव थोडं पुसतं. रिबन जीर्ण असेल तर नवी लावा, पण जुनी पाकिटात घालून पदकासोबतच ठेवा. पीव्हीसीच्या प्लास्टिक पाकिटात पदक ठेवू नका, हिरवट चिकट थर चढतो.

तर तुमचे हजार पौंड. ठिपके जुळले, आणि तडे दोन कपांच्या पुढे नाहीत, तर सेटला २५० पर्यंत जा. कार्ड आणि गॅझेट जुळलं तर पदकांना ५०० पर्यंत. कमिशन २५ टक्के धरलं तर हॉलमध्ये बसून हे ३२५ आणि ६५०, म्हणजे ९७५ होतात. हेच ऑनलाइन केलंत तर हजाराच्या दोन पौंड वर जातं. कार्डावर तारा निघाला तर बोली खाली आणा, त्या भावात जमलं नाही तर पदकं सोडा, मिलिटरी मेडल पुढच्या महिन्यातही येणार आहे.

प्रदर्शनाला जाताना टॉर्च, भिंग, कॅलिपर घ्या. पदकं काचेच्या कुलूपबंद कपाटात असतात; किल्ली मागायला लाजू नका, त्यासाठीच माणूस बसवलेला असतो. लिलावाच्या दिवशी गाडीत दोन खोकी आणि घरातले जुने टॉवेल टाका. वर्तमानपत्रात गुंडाळू नका, शाई लागते. आणि कप एकात एक घालून रचू नका. कान तिथेच जातात.